"चेकरनं बाद केलं व्हय?"

आज स्टाफरूममध्ये भांडण झालं. म्हणजे मी भांडले, बाकीचे चहा पीत होते.

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद' आहे. माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. वर बारा फोटो, संस्थाध्यक्षांपासून खजिनदारांपर्यंत. विषय खाली, मुंगीच्या अक्षरात, त्यात मृदारसायनापासून संतसाहित्यापर्यंत सगळं. आंतरराष्ट्रीय कशामुळं, तर नेपाळचे एक सर वीस मिनिटं ऑनलाइन येणार आहेत. नोंदणी 1500 रुपये. न येता नुसतं प्रमाणपत्र पाहिजे असेल तर 800. मी विचारलं, न येता प्रमाणपत्र कशाचं देणार? तर एक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मनावर घेता."

घेते. काय करू.

नेमकं आजच दुपारी पुण्याच्या मैत्रिणीनं ग्वांगजूचं पाठवलं. इंटरनॅशनल सोशिऑलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे समाजशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेची, पुढची जागतिक परिषद, जुलै 2027, दक्षिण कोरिया. खाली तिचा मेसेज: "या वेळी जाऊच!" आणि तीन विमानं. तिला थम्स अप दिला आणि फोन पालथा ठेवला.

माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना माझी आई माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आईनं सोलापुरात चाळीस वर्षं विड्या वळल्या. टेंभुर्णीच्या झाडाची पानं भिजवायची, साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. दिवसाला हजार झाल्या तर दिवस बरा. मग सगळं बांधून विडी कारखान्याच्या ब्रँचला न्यायचं. तिथं चेकर बसलेला. तो मोजून घ्यायचा आणि हातानं चाळून काही बाजूला टाकायचा, बाद. का बाद, हे विचारायचं नाही. विचारलं तर उद्याची बादी वाढायची. आणि लहानपणी मला न कळलेली गोष्ट ही, की बाद झालेल्या विड्या परत मिळायच्या नाहीत. त्या तिथंच राहायच्या. पुढं विकल्याही जायच्या. पैसे मात्र आईला त्यांचे नाहीत.

माझी पीएचडी याच विषयावर आहे. घरात बसून काम करणाऱ्या बायका. (गाइड म्हणायचे, विषय निवडायला तुला उंबऱ्याबाहेर पडावं लागलं नाही. कौतुक होतं की टोमणा, अजून ठरत नाही.)

तर 2018. युरोपातल्या एका शहरात असंघटित श्रमावर परिषद होती. माझा निबंध स्वीकारला गेला, आयोजकांनी राहण्या-जेवणाचा खर्चही दिला. राहिला व्हिसा. बँकेत पुरेसे पैसे दिसले पाहिजेत म्हणे. मी तासिका तत्त्वावर, उन्हाळ्यात पगार शून्य, माझ्या खात्यात काय दिसणार? आईनं पीएफमधून 80,000 काढले. पतसंस्थेतून आणखी उचलले. तीन महिने ते पैसे खात्यात नुसते पडून होते आणि आम्ही व्याज भरत होतो. मुलाखतीला मुंबईला गेले, रात्रीच्या गाडीनं, टॉयलेटपाशी बसून.

नाकारला. छापील कागदावर एका चौकोनात खूण: तुम्ही परत जाल याची आमची खात्री पटलेली नाही.

घरी आले. आई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "चेकरनं बाद केलं व्हय?"

यावर मी हसले होते, खरंच. रडू नंतर आलं, आणखी एका गोष्टीनं. माझा निबंध त्या परिषदेत वाचला गेला. आयोजक बाईंनी माझ्या वतीनं वाचला, चांगल्या भावनेनं वाचला, मला मेलही केला. दीड वर्षानं एक संपादित ग्रंथ निघाला. माझा तक्ता त्यात आहे, सोलापूरच्या बायकांना कशाचे किती मिळतात तो. माझं नाव तळटीपेत. बाद झालेली विडी परत मिळत नाही हे मी तुम्हाला वर सांगितलंच.

आता कोणी म्हणेल की असोसिएशन फीमध्ये सवलत देते. देते. देशांचे अ, ब, क गट आहेत, भारत क गटात, आम्हाला फी कमी. मान्य. पण विमान कंपनीला क गट कळत नाही, आणि व्हिसाच्या खिडकीवर तर क गट हाच गुन्हा आहे.

या परिषदांचे विषय बघा ना. विषमता. न्याय. दक्षिण गोलार्धाचा आवाज. 2025 मध्ये मोरोक्कोत राबातला असोसिएशनचा फोरम (दोन जागतिक परिषदांच्या मधली परिषद) झाला, विषय होता मानवयुगातला न्याय. त्याआधी काही दिवस असोसिएशननं गाझाच्या प्रश्नावरून इस्रायलच्या समाजशास्त्रीय संघटनेचं सदस्यत्व निलंबित केलं, केवढा वाद झाला, पानंच्या पानं पत्रं. झाला ते बरंच झालं, माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण ज्यांना दारातूनच परत पाठवतात त्यांच्यासाठी असं एक पान कधी माझ्यापर्यंत आलं नाही. अधिकृत भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. माझी आई ज्या भाषेत चेकरला शिव्या घालते ती कुठल्याच यादीत नाही, आणि शेजारच्या पद्मशाली काकू ज्या तेलुगूत घालतात तीही नाही.

आणि आपण तरी काय उजेड पाडतो? जुलै 2018 मध्ये दिल्लीत आशिया अभ्यासकांची मोठी परिषद झाली, पाकिस्तानी अभ्यासकांना सरकारनं व्हिसाच दिला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये फ्रान्चेस्का ओर्सिनींना दिल्ली विमानतळावरून परत पाठवलं. जन्मभर हिंदीचा अभ्यास केलेली बाई! व्हिसाच्या अटींचं कारण सांगितलं गेलं, असेलही. चेकरकडं कारण नेहमीच असतं.

थांबा, भात लावून येते.

हं. तर खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. 9 मे 1916. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझरांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका पंचवीस वर्षांच्या मुलानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आपल्या सगळ्यांचा तो बाप निबंध. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती म्हणून तो मुलगा तिथं उभा होता. आणि 2022 मध्ये केंद्रानं नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची नवी नियमावली काढली. ही परदेशात शिकायची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. त्यात काय लिहिलं? भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन, हे विषय चालणार नाहीत.

म्हणजे भीमराव आज अर्ज घेऊन गेले असते तर बाद. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही. मुलांना सांगितलं, आज ग्रंथालयात बसा.

सरकारचं म्हणणं, भारताचा अभ्यास भारतातच करता येतो, परदेशात कशाला पैसे घालायचे. येतो की करता! पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटनं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात आमच्या सोलापूरची पाहणी केली, ग्रंथ 1965 ला निघाला. पुढं 1969 मध्ये आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ, आणि सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. मग तेवढे पैसे इथं घाला. इथं काय आहे? न येता प्रमाणपत्र, 800 रुपये.

आणि इथं माझा सकाळचा राग जरा उतरतो. स्टाफरूममधल्या त्या सरांना नियम तोंडपाठ आहे. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीचं 2018 चं गुणपत्रक: परिषदेत निबंध वाचला, परदेशात तर 7 गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 5, राष्ट्रीय 3, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर 2. विड्यांची हजारी मोजल्यासारखं. सातवाल्या खिडकीवर व्हिसा देत नाहीत. तीन आणि दोनवर पोट भरत नाही. मग माणूस नेपाळच्या सरांना वीस मिनिटं ऑनलाइन बसवतो आणि पाच गुण करून घेतो. मी सकाळी याला चोरी म्हणाले. आत्ता म्हणवत नाही. पीएचडीसाठी निबंध छापायची सक्ती 2022 मध्ये काढली, 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही गुंडाळली, नियम सैल झाले हे कबूल. पण नोकरीच्या मुलाखतीत फाइलची जाडी बघणारे तेच आहेत.

एकदाच मी खऱ्या जागतिक परिषदेत बोलले आहे. फेब्रुवारी 2021. असोसिएशनचा चौथा फोरम ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रेला 2020 मध्ये होणार होता, कोरोनामुळं पुढं गेला आणि अख्खा ऑनलाइन झाला. (त्याच सुमाराला दिल्लीत काय चाललं होतं माहितीये? जानेवारीत फतवा निघाला होता की सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर काही विषयांना आधी परवानगी. शास्त्रज्ञांनी ओरड केली आणि फेब्रुवारीत तो मागे घेतला. तो परिषद घेणाऱ्यांसाठी होता, बोलणाऱ्यांसाठी नव्हता, तरी मी दोन दिवस घाबरून होते.) ब्राझील आपल्या साडेआठ तास मागे, म्हणून माझी वेळ रात्री साडेबाराची. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरात, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. आईला म्हटलं झोप. झोपली नाही. मागे भिंतीला टेकून बसली, आणि हात रिकामे कसे ठेवायचे म्हणून सूप घेऊन बसली.

मी बोलत होते: घरबसल्या कामगारांसाठीचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा) करार क्रमांक 177, साल 1996, भारतानं अजून मंजूर केलेला नाही, आपला विडी-सिगार कामगारांचा तेव्हाचा कायदा 1966 चा. मागे कात्रीचा आवाज. कच, कच. मला वाटलं माइक बंद करावा. संपल्यावर अर्जेंटिनाच्या एका बाईनं विचारलं, मागे त्या काय करतायत? मी सांगितलं, मी आत्ता ज्यांच्याबद्दल बोलले त्या या. पडद्यावर दोन-तीन जण पुढं वाकले. एकानं आईला प्रश्न विचारला, मी मराठीत सांगितला: एका दिवसात सगळ्यात जास्त बाद किती झाल्या?

आई म्हणाली, "दोनशे चाळीस. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हाताला ताप होता."

मी पीएचडीसाठी तिची तीनदा मुलाखत घेतली होती. हा आकडा माझ्याकडं नव्हता. मी विचारलाच नव्हता.

तो प्रश्न कुणी विचारला त्याचं नावही नीट ऐकू आलं नाही, तोवर वेळ संपली आणि खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मग सगळं पुन्हा प्रत्यक्ष सुरू झालं. समोरासमोर भेटण्यात वेगळी मजा असते म्हणतात. असेल. जे भेटतात त्यांना माहीत.

मैत्रिणीला उत्तर लिहायचं राहिलंय. 1986 मध्ये हीच जागतिक परिषद दिल्लीत झाली होती, मी तेव्हा पाळण्यात होते. पुन्हा दिल्लीत यायची वाट बघायची म्हटलं तर आईचं वय बघावं लागेल. मघाशी तिला कोरियाचं सांगितलं. म्हणाली, "पीएफ आता राहिला नाही हां माझा." मग बराच वेळानं, "तिकडं विडी ओढतात काय गं?"

1500 रुपये आत्ताच जीपे केलेत. स्क्रीनशॉट स्टाफच्या ग्रुपवर टाकलाय. त्या सरांनी नमस्काराचे दोन हात पाठवलेत.