नव्या गाडीचा पुढचा ब्रेक पहिल्या दिवसापासून लावायचा: त्या फॉरवर्डला उत्तर

आधी फॅमिली ग्रुपवर आणि मग दुकानाच्या काउंटरवर, एकाच आठवड्यात तोच मेसेज माझ्यासमोर आला. मथळा असा की नवीन बाईक घेतली असेल तर हे वाचा, शोरूमवाले कधीच सांगणार नाहीत. खाली सात मुद्दे. पहिले हजार किलोमीटर गाडी टॉप गिअरला चाळीसच्या काट्यावर ठेवायची, वर नाही, खाली नाही. रोज सकाळी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवायची. पहिल्या पाच टाक्यांना पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळायचं. शोरूममधून आणल्याबरोबर कंपनीचं ऑईल काढून कारचं फुल सिंथेटिक भरायचं. ऑईल काळं पडेपर्यंत पहिली सर्व्हिसिंग करायची नाही. हजार किलोमीटरपर्यंत पुढचा ब्रेक लावायचा नाही, कारण 'डिस्क खराब होते आणि गाडी उलटते'. आणि कायम महागातलं पेट्रोलच घालायचं.

असले मेसेज रोज येतात, मी वाचून सोडून देतो. हा सोडवत नाही, कारण तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि दाजींनी तो खरा मानला. पोराने दसऱ्याला १२५ सीसीची गाडी घेतली, रोज विटा-कराड रस्त्याने कॉलेजला जातो. घेतल्यापासून तो फक्त मागच्या ब्रेकवर गाडी थांबवतोय, आणि टाकीत टू-टी घालतोय. म्हणून मेसेजचा क्रम बाजूला ठेवतो आणि ज्याने जीव जाऊ शकतो त्या मुद्द्यापासून सुरू करतो.

ब्रेक मारला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे येतं. पुढचे शॉकअप दबतात ते त्यामुळेच. त्याच क्षणी मागचं चाक हलकं होतं आणि रस्त्यावरची त्याची पकड कमी होते. म्हणजे जोरात थांबायची वेळ येते तेव्हा बहुतेक काम पुढचं चाकच करू शकतं. मागच्या चाकावर तेवढा भारच उरलेला नसतो. ताशी ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले, तर ब्रेक लागल्यापासून साधारण १५ मीटरच्या आसपास ती थांबते. नुसत्या मागच्या ब्रेकवर हेच अंतर दुपटीच्या घरात जातं. आणि घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबला, तर चाक लॉक होऊन गाडी मागून घसरायला लागते.

आता हे आमच्या भागातल्या रस्त्यावर ठेवून बघा. कारखाने सुरू झाले की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, उसाने भरलेल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने झाकलेला. अंधार पडल्यावर अशी ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी पुढ्यात आलेली असते. तिथे ते जादा १५ मीटर कुठून आणायचे? एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या गाडीचा चांगला ब्रेक वापरू नको म्हणून सांगणारा माणूस कितीही काळजीने सांगत असो, तो त्याला धोक्यात घालतोय.

कायदा तर याच्या बरोब्बर उलट दिशेने गेलाय. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडणी) सक्तीचं झालं. सिंगल चॅनल, म्हणजे एकाच चाकाचं, एबीएस असतं ते पुढच्या चाकाला. पुढचा लिव्हर कधी दाबलाच नाही, तर पैसे मोजून घेतलेलं ते एबीएस कामालाच येणार नाही. सीबीएसमध्ये मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, आणि ही सोय मुख्यतः पुढच्या ब्रेकला घाबरणाऱ्या लोकांसाठीच केलेली आहे. भाच्याच्या गाडीला सीबीएस आहे, एवढाच काय तो दिलासा. पण त्याने लागणारा पुढचा ब्रेक अर्धवट असतो. पूर्ण जोर लिव्हर दाबल्यावरच मिळतो.

हा मुद्दा आला कुठून, तेही सांगतो, कारण त्याच्या मुळाशी अर्धं सत्य आहे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये 'पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये' या सूचनांखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: फुल थ्रॉटलने गाडी उचलू नका आणि एकदम पळवू नका, जोरात ब्रेक मारणं आणि झटकन गिअर पाडणं टाळा, जपून चालवा. जोरात ब्रेक टाळायचं कारण सरळ आहे. नवे ब्रेकपॅड आणि नवी डिस्क एकमेकांना पूर्ण चिकटून बसलेले नसतात, हळूहळू घासून बसतात, तोवर ब्रेक थोडा कमी लागतो. पण ते बसायला ब्रेक लावावाच लागतो! हजार किलोमीटर लिव्हरला हात लावला नाही, तर एक हजार एकाव्या किलोमीटरलाही पॅड कोरेच असणार. 'जोरात लावू नका' याचं 'लावूच नका' कुणीतरी केलं आणि लोकांनी पुढे ढकललं.

'गाडी उलटते' यातही थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. वळणावर गाडी तिरकी असताना, खडीवर, वाळूवर, पहिल्या पावसाच्या निसरड्यावर एबीएस नसलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक सटकतं आणि माणूस पडतो. अशी पडलेली माणसं मीही पाहिली आहेत. त्यावर उपाय शिकण्याचा आहे. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या रस्त्यावर, गाडी सरळ ठेवून, तीसच्या वेगाने, लिव्हर हळू दाबायला सुरुवात करून जोर वाढवत न्यायचा, मागचा सोबत. दोन-चार संध्याकाळी हे केलं की हाताला अंदाज येतो. पोराला आधी हे शिकवा, बाकी सगळं नंतर.

आता टू-टी. मेसेजमधला हा सगळ्यात निरर्थक मुद्दा, आणि काउंटरवर मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागणारा.

टू-टी ऑईल टू-स्ट्रोक गाड्यांसाठी असतं. राजदूत, जुनी चेतक, लूना, आरएक्स १०० या गाड्यांच्या इंजिनात खाली ऑईलचं तळं नसतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे बेअरिंग आणि पिस्टनला वंगण मिळायचं तर ते पेट्रोलबरोबरच द्यावं लागतं. काही गाड्यांना पंपावर माप घालून मिसळायचं, आरएक्सला वेगळी ऑईल टाकी आणि पंप. नव्या किंवा बोअर केलेल्या टू-स्ट्रोकला सुरुवातीला मात्रा थोडी वाढवायची पद्धत होती आणि ती बरोबरच होती. दाजींनी तरुणपणी आरएक्स चालवली, त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलंय.

पण फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, संपमध्ये, असतं आणि पंप ते सगळीकडे फिरवतो. पेट्रोलमध्ये वंगण घालायची गरजच नाही. आणि हे काही आजचं नाही; आरएक्स १०० आली त्याच १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हापासून घराघरात फोर-स्ट्रोक आहे. टाकीत घातलेलं टू-टी तिथे नुसतं जळतं. प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर काजळी धरते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्यांत त्याहून महाग नुकसान होऊ शकतं: इंजेक्टर, सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सेन्सरवर थर बसला की गाडी पेट्रोलचं प्रमाण चुकवायला लागते आणि मीटरवर पिवळा दिवा लागतो. मग 'नवी गाडी असून मिसिंग मारते' म्हणून कंपनीला शिव्या.

एखाद-दुसऱ्या टाकीत घातलं असेल तर घाबरून इंजिन खोलायला जाऊ नका. टाकी साध्या पेट्रोलने वरपर्यंत भरा, पुन्हा घालू नका, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला तसं सांगून प्लग तपासून घ्या. लपवू नका. मेकॅनिकला माहीत असलं की त्याचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचतो.

चाळीसच्या काट्याचा मुद्दा त्यामानाने सौम्य, पण चुकीचाच. सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून भिंतीला बसतात, आणि त्यांना भिंतीकडे दाबण्याचं बरंचसं काम आतल्या जळत्या वायूचा दाब करतो. इंजिनवर जरा भार आल्याशिवाय तो दाब येत नाही. कायम एकाच हलक्या वेगावर गाडी ओढली तर रिंगा नीट बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होते आणि पुढे गाडी ऑईल खायला लागते. यामाहाच्या छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे टप्प्याटप्प्याने दिलेलं आढळतं: १५० किलोमीटरपर्यंत एक तृतीयांश थ्रॉटलच्या वर फार वेळ नको, तासाभराने गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, ५०० पर्यंत निम्म्याच्या वर फार वेळ नको, पण गिअरमधून इंजिन मोकळेपणाने फिरू द्या, १००० पर्यंत पाऊणच्या आत. आणि स्पष्ट शब्दांत: थ्रॉटल एकाच जागी धरून ठेवू नका, वेग मधूनमधून बदला. मेसेज सांगतो त्याच्या नेमकं विरुद्ध. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. प्रत्येक नव्या गाडीबरोबर ते पुस्तक येतं आणि बहुतेकांचं सीटखाली प्लॅस्टिकमध्येच राहतं.

पहिल्या दिवसापासून पूर्ण कान पिळा म्हणणारेही लोक आहेत, त्यांनी वरचा परिच्छेद स्वतःच्या बाजूने वापरू नये. भार हवा याचा अर्थ थ्रॉटल ठोकून धरायचा असा होत नाही. आणि टॉप गिअरला चाळीसवर चढ चढवणं तर आणखी वाईट. इंजिन धडधडतं, ओढत नाही, तेव्हा गिअर पाडायचा असतो. हायवेला चाळीसने मधून जाणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

सकाळची पंधरा मिनिटं: गरज नाही. इंजेक्शनच्या गाडीला चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट पुरतं, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, ती त्यातच गरम होते. एअर-कूल्ड गाडी जागेवर उभी असताना तिला वारा लागत नाही, नुसती तापते आणि पेट्रोल खाते. बंद पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या बोळात तर हे करूच नका, धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो.

कारच्या ऑईलबद्दल मात्र थांबून ऐका, कारण चांगलं महागडं ऑईल घालून लोक क्लच घालवतात. गिअरच्या बहुतेक बाईकचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो. इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना एकच ऑईल. बऱ्याच कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लच प्लेटांना निसटायला लावतात. गाडी आवाज करते, पळत नाही. म्हणून बाईकच्या ऑईलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, ते बाईकला नको. ग्रेड, म्हणजे ऑईलचा जाड-पातळपणा, मॅन्युअलमध्ये असेल तीच: १०डब्ल्यू-३० असेल तर १०डब्ल्यू-३०. 'जाड घाला, इंजिन टिकेल' हा सल्ला मी दुकानात ऐकूनही घेत नाही.

पाचवा मुद्दा चौथ्याच्या विरुद्ध आहे. आधी ऑईल लगेच काढा, मग काळं होईपर्यंत बदलू नका. दोन्ही एकाच मेसेजमध्ये. रंगावरून काही कळत नाही. नव्या इंजिनात रिंगा, गिअर, क्लच घासून बसताना धातूचा बारीक चुरा ऑईलमध्ये उतरतो. पहिली सर्व्हिसिंग कंपनीप्रमाणे ५०० ते १००० किलोमीटरच्या आसपास ठेवतात ती मुख्यतः तो काढण्यासाठी. किलोमीटर आणि दिवस यातलं जे आधी येईल ते. चुकवली तर वॉरंटीवर वाद होतो, तो वेगळा. एवढं मात्र खरं की काही ठिकाणी फ्री सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी धुऊन परत देतात, मेसेज लिहिणाऱ्याचा राग तिथून आला असेल तर तो मला समजतो. त्यावर उपाय म्हणजे समोर उभं राहा. ऑईल तुमच्यासमोर काढायला लावा, फिल्टर बदलायचा असेल तर जुना दाखवायला सांगा.

पेट्रोल: मॅन्युअलमध्ये ९१ ऑक्टेन लिहिलंय तिथे जास्त ऑक्टेनचं घालून ताकद वाढत नाही. पैसे जातात, बस.

आणि ज्या दोन गोष्टी मेसेजमध्ये असायला हव्या होत्या त्या नाहीतच. नवे टायर गुळगुळीत असतात, सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर गाडी वळणावर फार तिरकी करायची नाही, ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे चेन. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये लवकर सैल होते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून बघा. किती ढिली चालते ते मॅन्युअलमध्ये आणि बहुतेक गाड्यांच्या स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. त्यापेक्षा जास्त असेल तर सर्व्हिसिंगची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी ताणून घ्या.