केस पेपरवरची ती ओळ पोलिसांसाठी नसते

परवा भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी इथे कोल्हापुरातच बारा वर्षं स्टाफ नर्स आहे, म्हणून भरतीचा फॉर्म मीच भरत बसले. ‘सवयी’च्या रकान्यात तंबाखू, सिगारेट, दारू एवढंच छापलेलं. पोरगा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो हे मला ठाऊक होतं, शर्टाला आंब्याच्या गोळीसारखा वास येत होता. समासात लिहायला पेन टेकवलं तर त्याने मनगटच धरलं. “आत्या, तेवढं लिहू नकोस की.” आणि मोबाईल पुढे केला.

वहिनींच्या भिशीच्या ग्रुपवरून आलेला मेसेज. दवाखान्यात व्हेपचं सांगू नका, बंदी आहे, केस पेपरवर आलं की पोलीस केस होते, विमा बुडतो, ती नुसती पाण्याची वाफ, डॉक्टरला तिच्याशी काय करायचंय!

आधी पोलिसांचं. २०१९ चा कायदा ई-सिगारेटचं उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात यांच्यावर आहे. ही यादी कायद्याच्या नावातच आहे आणि तिच्यात ‘ओढणं’ नाही. साठवणूक आहे, तेव्हा माल भरून ठेवणाऱ्यांनी घाबरावं. पेशंटने डॉक्टरला खरं सांगणं म्हणजे साठवणूक नव्हे. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, होते ती अपघात, मारामारी, विषबाधा असल्या प्रकरणांत. शिवाय डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम पेशंटचं गुपित फोडायला मनाई करतात. कोर्टाचा आदेश, कुणाला गंभीर धोका किंवा सरकारला कळवायचा आजार असेल तरच ते सांगता येतं.

माझा खरा राग ‘डॉक्टरला काय करायचंय’ यावर आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण पोरं धाप, खोकला, उलट्या घेऊन दवाखान्यात येऊ लागली. दिसायला न्यूमोनियाच. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडे २,८०७ पेशंटांची नोंद झाली, त्यांतले ६८ गेले. बहुतेकांनी गांजातलं टीएचसी हे नशेचं द्रव्य असलेला माल ओढला होता आणि मुख्य संशय त्यातल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर होता, म्हणजे प्रत्येक व्हेपने असं होतं असं मी म्हणत नाही. पण हा आजार ओळखणारी रक्ताची तपासणीच नाही. एक्स-रे किंवा सीटीत डाग, जंतुसंसर्ग नाही, आणि गेल्या ९० दिवसांत व्हेप ओढलेलं, यावरून तो ओळखायचा. पेशंटने तोंड मिटलं तर डॉक्टर न्यूमोनियाच समजत बसणार.

नुसतं ‘सिगारेट’वर टिक करूनही भागत नाही. सिगारेटच्या धुरामुळे दम्याचं थिओफायलीन हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, व्हेपने तसं होत नाही. सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्या माणसाला तोच जुना डोस जास्त होऊ शकतो. ही एक ओळ लिहिलेली नसली तर रात्रपाळीच्या नर्सला ते कुठून कळणार?

विम्याचं अर्धं खरं आहे, मान्य. क्लेमच्या वेळी कंपनी केस पेपर मागवते. पण पॉलिसीच्या अर्जात ‘तंबाखू-निकोटिन नाही’ लिहिलं असेल तर खोटं तिथे झालंय, ते तिथेच दुरुस्त करावं. दवाखान्यात लपवून फक्त उपचार चुकतात.

आणि पाण्याची वाफ? ती चहाच्या भांड्यातून निघते. व्हेपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं.

मी समासात लिहिलं: व्हेप, निकोटिन, रोज, शेवटचं सकाळी सहा वाजता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ते वाचलं, नाडी बघितली, ११० च्या वर होती. त्यांनी ऑपरेशन दुपारवर ढकललं आणि विचारलं, “ते यंत्र कुठे आहे?” पोराने दवाखान्याच्या गाऊनखाली, पायजम्याच्या खिशात ठेवलं होतं. लपवा म्हणून मेसेजात होतं ना. थोड्या वेळाने ह्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागणार होता आणि ह्याच्या खिशात बॅटरीवर तापणारी वस्तू. मी हात पुढे केला. त्याने गुपचूप काढून दिलं.