‘पाचशे साक्षीदारां’च्या मेसेजला उत्तर

ईस्टर आला की वसईतल्या ख्रिस्ती घरांत एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा: येशूचे पुनरुत्थान, म्हणजे मरणानंतर पुन्हा जिवंत होणे, हा जगाच्या इतिहासातला सर्वांत पक्क्या पुराव्याचा प्रसंग आहे. पाचशे लोकांनी त्याला जिवंत पाहिले. चारही शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधले येशूच्या जीवनावरचे ग्रंथ, एकमुखाने साक्ष देतात. रोमन इतिहासकारांनीही नोंद केली आहे. शिष्यांनी त्यासाठी जीव दिला, आणि खोट्यासाठी कोणी मरत नाही. शेवटची ओळ अशी की, प्रार्थनेने रोगी बरे होतात हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे.

‘माझी श्रद्धा आहे’ असे कोणी म्हटले, तर माझे त्याच्याशी भांडण नाही. माझे बालपण याच श्रद्धेत गेले, माझी माणसे आजही रविवारी मिस्साला जातात. पण हा मेसेज श्रद्धेची नव्हे, पुराव्याची भाषा बोलतो. तेव्हा तो पुरावा म्हणूनच तपासायला हवा.

पाचशे साक्षीदारांचा उल्लेख नव्या करारात एकाच ठिकाणी आहे: ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक संत पौल याचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 15, ओवी 6. पत्र साधारण इ. स. 55 च्या सुमाराचे, म्हणजे क्रूसावरच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेले. त्या पाचशेंपैकी एकाचेही नाव पौल देत नाही. जागा देत नाही, दिवसही सांगत नाही. चारपैकी एकाही शुभवर्तमानात हा प्रसंग नाही आणि त्या पाचशेंपैकी कोणाचीही स्वतःची साक्ष आपल्याजवळ नाही. म्हणजे आपल्या हातात पाचशे साक्षी नाहीत. पाचशे जणांनी पाहिले असे सांगणारा एक माणूस आहे. त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असे पौल लिहितो खरे. पण पत्र वाचणारे ग्रीसमधल्या करिंथात. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांना शोधायला समुद्र ओलांडून कोण जाणार होते?

आणि साक्षीदार खरोखर हजारोंनी असले तरी काय होते, हे आपल्या किनाऱ्याने पाहिलेले आहे. 18 ऑगस्ट 2006 रोजी माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. लोक बाटल्या घेऊन धावले, लहान मुलांना ते पाणी पाजले. काहींनी ती माहीमच्या दर्ग्यातल्या मख्दूम बाबांची करामत मानली. त्या साक्षीदारांची नावे मिळतील, त्यांची चित्रे टीव्हीवर दिसली. पण पावसाळ्यात मिठी नदीचे आणि पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरते, खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते, आणि वरवरचे पाणी कमी खारट लागते. त्याआधी 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध प्यायला, तेव्हा तर देशभर रांगा लागल्या होत्या. चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाऊन खाली ओघळत होते. तेव्हा आपण ख्रिस्ती लोकांनी साक्षीदार मोजून चमत्कार मान्य केला का? नाही केला, आणि ते योग्यच होते. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या निनावी पाचशेंना वेगळे माप का लावायचे? माझे म्हणणे इतकेच आहे. शेजाऱ्याच्या चमत्काराला जे माप, तेच आपल्याला.

आता शुभवर्तमाने. मार्काचे सर्वांत जुने, साधारण इ. स. 70 चे. चौथ्या शतकातल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखितांना अभ्यासक सर्वाधिक मान देतात, त्यांत ते 16:8 ला संपते: स्त्रिया कबरीपासून पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. येशू पुन्हा दिसल्याच्या पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या आहेत. आजच्या अनेक बायबलांत तशी तळटीपही असते, ती जरूर वाचावी. मत्तय आणि लूक यांनी मार्काचा मोठा भाग जवळजवळ शब्दशः घेतला आहे, त्यामुळे हे चार स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. आणि जिथे मार्क थांबतो, नेमके तिथेच ते दोघे एकमेकांपासून दूर जातात. मत्तयात शिष्यांना गालीलात जायला सांगितले जाते, आणि तिथे डोंगरावर येशू त्यांना भेटतो. लूकमध्ये तो त्याच दिवशी यरुशलेमेत भेटतो आणि शहर सोडू नका म्हणतो. दोन्ही ठिकाणांत पायी कित्येक दिवसांचे अंतर आहे. कबरीशी एक देवदूत होता की दोन, असल्या बारीक फरकांवर मी अडून बसत नाही. तसे कोणत्याही साक्षीत होते. पण मत्तय 27:52-53 म्हणते की त्या वेळी कबरी उघडल्या, पुष्कळ मृत पवित्र जन उठून शहरात गेले आणि अनेकांना दिसले. एवढी गोष्ट घडून बाकीच्या तिघांना ती लिहावीशीही वाटली नाही?

रोमन नोंदींबद्दल थोडक्यात. टॅसिटस साधारण इ. स. 116 मध्ये लिहितो की ख्रिस्ताला रोमन सुभेदार पिलाताने मृत्युदंड दिला. ते मला मान्यच आहे. पुनरुत्थानाचा पुरावा त्यात नाही. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या ग्रंथात तसे एक वाक्य आहे, पण त्या उताऱ्यात नंतर ख्रिस्ती हात फिरला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हौतात्म्याचा मुद्दा वसईकराला जवळचा आहे. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईत जन्मला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांसह क्रूसावर मारला गेला. त्याच्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. पण ते मरण त्याच्या श्रद्धेचा खरेपणा दाखवते. पंधराशे वर्षांपूर्वी यरुशलेमेत काय घडले, हे त्याने पाहिले नव्हते. गुरू तेगबहादुरांनी 1675 मध्ये दिल्लीत शिरच्छेद पत्करला. म्हणून आपण शीख धर्माचे सगळे सिद्धांत खरे धरत नाही. राहिले पहिले शिष्य. बारांपैकी श्रद्धेपायी मारला गेल्याचे नवा करार स्पष्ट नोंदवतो ते जब्दीचा मुलगा याकोब याच्याबद्दल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 मध्ये. तिथेही ‘साक्ष मागे घे, म्हणजे सोडतो’ असे त्याला विचारल्याचे कुठे नाही. बाकीच्यांच्या मरणाच्या बहुतेक कथा नंतरच्या परंपरेतून आल्या आहेत.

मला खरा त्रास होतो तो शेवटच्या ओळीचा, कारण तिच्यावर माणसे तब्येत पणाला लावतात. प्रार्थनेवरचा मोठा आणि काटेकोर प्रयोग 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलांतले बायपासचे 1802 रुग्ण त्यात होते. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात 51 टक्क्यांना. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात 59 टक्क्यांना. खुद्द कॅथलिक चर्च या बाबतीत मेसेजपेक्षा कितीतरी सावध आहे: फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी 1858 पासून आजवर कोट्यवधी यात्रेकरू गेले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपास आहेत.

आजारी माणसाशेजारी बसून कोणी रोझरी म्हणत असेल तर त्याला धीर येतो, हे मी घरात पाहिले आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण प्रार्थनासभेहून आल्यावर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन बंद करू पाहणाऱ्या माणसाच्या हातात हा मेसेज पडतो. पुढे पाठवणाऱ्यांनी बाकीचा मजकूर हवा तर तसाच ठेवावा. विज्ञानाच्या नावाची ती ओळ मात्र काढून टाकावी.