दोन्ही टायमाचा किरणोत्सव

शाळेतला एक मित्र आहे माझा, त्यानं दोन वर्षांपूर्वी सायकल घेतली आणि तेव्हापासून रोज स्टेटसला फोटो, सोनेरी रस्ता, लांबलचक सावली, खाली 'शुभ सकाळ'. संध्याकाळी परत तेच, फक्त 'शुभ संध्या'. ते बघून बघून मी पण घेतली, एकवीस गियरची. त्यातले चारच आजवर वापरलेत, सतरा अजून कोरे आहेत.

गोम कळायला मला सहा महिने लागले. तो राहतो आमच्या कोल्हापूरच्या पूर्वेला, शिरोलीला आणि नोकरी पश्चिमेला, रंकाळा तलावाजवळ, म्हणजे सकाळी तोंड पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला, सूर्य कायम पाठीशी. आणि मी राहतो फुलेवाडीत, कंपनी शिरोली एमआयडीसीत! सकाळी सूर्य समोर, मग दिवसभर तो डोक्यावरून निवांत फिरून माझ्या आधी रंकाळ्यावर येऊन थांबतो आणि संध्याकाळी परत समोर. बायकोला हे कागदावर बाण काढून समजावलं तर म्हणाली, "अहो, मग उलटं तोंड करून चालवा की."

पावसाळ्यात सूर्याचा त्रास नाही, कारण सूर्यच नाही. पण भारी सायकलीला मडगार्ड नसतंय हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं, त्यामुळं जुलैभर माझ्या प्रत्येक शर्टाला मागं कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा, जेब्र्याला एकच पट्टा दिल्यासारखा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मी रंकाळ्याला टेकतो नेमका तेव्हाच. माणसं चौपाटीवर भेळ खात "आहाहा" म्हणत असतात आणि मी एक डोळा मिटून उसाच्या ट्रॉलीमागं. त्या एका काळात ऊस मला प्रिय, दोन ट्रॉल्या भरून सावली मिळते, फक्त ट्रॅक्टरवरची गाणी सोसायची.

पण खरा घात जानेवारीत. संक्रांतीला आई तिळगूळ देत म्हणते, आता दिवस तिळातिळानं मोठा होणार. होतो, पण संध्याकाळच्या बाजूनं! बावीस डिसेंबर उलटला तरी उगवायची वेळ मागं यायचं नाव घेत नाही, आणखी पुढंच सरकते, जानेवारीच्या मध्याला आमच्याकडं सूर्य सात वाजून पाच-सहा मिनिटांनी उगवतो. मी घर सोडतो बरोबर सातला. म्हणजे तो आंघोळ करून, ताजातवाना होऊन, पूर्वेला, तावडे हॉटेलच्या दिशेला माझीच वाट बघत बसलेला. सात महिन्यांपूर्वी सहाला उठणारा हा गडी माझ्यासाठी तास-तास उशीर करतो राव, एवढं तर सासरचं कोणी केलं नाही.

एकतीस जानेवारीला अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत जाऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायाला लागतात, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर, नोव्हेंबरातही असंच. मधे इमारती आल्या, ढग आले, धूळ आली की किरणं अडतात, अख्खं गाव हळहळतं. माझ्या डोळ्यांत जाणारी किरणं मात्र आजवर एका इमारतीनं अडवलेली नाहीत.

त्याच संध्याकाळी गंगावेशीत, ताजं धारोष्ण दूध मिळतं त्या दूध कट्ट्याजवळ, समोर नुसता लखलखाट, मी ब्रेकवर बोटं ठेवून अंदाजानं चाललेलो, आणि पुढचं चाक मऊ कशात तरी जाऊन थांबलं. म्हैस. ती हलली नाही, मीच पडलो. धार काढणारा चरवी खाली ठेवून आला.

"पावणं, एवढी काळी म्हैस दिसली न्हाई व्हय?"

"सूर्य डोळ्यात होता मामा."

त्यानं मागं वळून सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हँडल हातानं सरळ करून दिलं. "मग म्हशीच्या मागनं चला की रोज. ती बी फुलेवाडीलाच जाती."