खुलासा : सतीबंदीचा कायदा विल्यम कॅरी यांनी केला नव्हता

'सतीची चाल बंद करणारा कायदा बाप्टिस्ट पाळक विल्यम कॅरी यांनी केला', असा मजकूर सध्या फिरतो आहे. मला कॅरींबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच हे लिहितो. ४ डिसेंबर १८२९ चा तो कायदा गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचा. त्यामागे राजा राममोहन रॉय यांची अनेक वर्षांची झुंज होती, तीही विसरता येणार नाही.

कॅरींनी कलकत्त्याच्या आसपासच्या सतींची गणती करवून ती सरकारपुढे मांडली होती. कायद्याचा मसुदा बंगालीत आणण्यासाठी त्यांच्या हाती पडला तो रविवारी. त्या दिवशी उपासना होती. पण उशीर झाला तर आणखी एखादी विधवा चितेवर जाईल, म्हणून प्रवचन दुसऱ्यावर सोपवून ते पंडितांसोबत बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर हातावेगळं केलं. त्यांचा खरा वाटा हा, आणि तो मला मुळीच लहान वाटत नाही.

ते आधी चांभारकाम करत. १७९३ मध्ये भारतात आले ते मायदेशी कधीच परतले नाहीत. मराठीचं व्याकरण (१८०५) आणि मोडी अक्षरांतला कोश (१८१०) त्यांनी छापला, हे तर आपण मराठी माणसांनी ठाऊक ठेवायलाच हवं.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे) त्यांचं निधन झालं. थडग्यावर त्यांनी मागितली ती एका स्तोत्राची ओळ, ज्यात माणूस स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवतो.