गाडीचं नाव घेऊ नये

सांगलीत स्पेअर पार्टच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कुठली?" त्यावर "होंडाची सीआर-व्ही, २००४ ची, जपानहून तयार होऊन आलेली" असं खरं उत्तर दिलं की समोरचा हात तरी जोडतो, नाहीतर आधी तिप्पट भाव सांगतो आणि मग हात जोडतो. म्हणून जुन्या काळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं मी दुकानात गाडीचं नाव घेत नाही. नुसता नंबर सांगतो.

होंडाच्या पार्ट नंबरचे तीन तुकडे असतात. पहिले पाच आकडे वस्तू कुठली ते सांगतात, मधली तीन अक्षरं मॉडेल, शेवटची तीन पोटभेद. ४५०२२ म्हणजे पुढचे ब्रेक पॅड. मध्ये एस९ए आलं की सीआर-व्हीची दुसरी पिढी. शेवटच्या तिनांना दुकानदार मोजत नाहीत आणि वादावादी बहुतेक तिथूनच सुरू होते. पूर्ण नंबर चासी नंबरावरून कॅटलॉगात काढावा. जुन्या नंबराच्या जागी नवा आला असेल तर तोही तिथंच सापडतो. तो न बघता "ते बंद झालंय सायेब" म्हणणाऱ्यापुढं मान डोलवू नये.

खरी गंमत अशी, की पुष्कळसे पार्ट त्या गाडीचे नसतातच. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनित्र, ओरडायला लागला की सल्ला मिळतो, अख्खा मुंबईहून मागवा. त्याआधी तो उघडावा, बेअरिंग पुसावं आणि कडेवरचा नंबर वाचावा. समजा ६२०३ निघालं. मग आतला व्यास १७ मिलिमीटर, बाहेरचा ४०, जाडी १२. जपानात तेवढंच आणि कुपवाडच्या एमआयडीसीतही तेवढंच. बेअरिंगच्या दुकानात "६२०३, टू आरएस, सी३" एवढंच बोलावं. टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. सी३ म्हणजे आत जरा जास्त ढिलाई. अल्टरनेटर तापतो, साधं बेअरिंग त्या उष्णतेनं आवळतं आणि पुन्हा ओरडायला लागतं. दुकानदारानं "कशाला पाहिजे?" विचारलंच, तर "मोटारीला" म्हणावं. तो विहिरीवरची समजतो आणि भाव शेतकऱ्याचा लावतो.

ऑइल सीलवरही शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. इंजिनच्या पट्ट्यावर ६पीके१७५० असलं तर सहा धारा आणि १७५० मिलिमीटर लांबी. तिथंही गाडीचं नाव लागत नाही.

आता परदेशातले नातेवाईक. दुबईचे दाजी आणि अमेरिकेतला भाचा दोघेही हौसेनं विचारतात, "काय आणू?" दोन्हीकडं स्टिअरिंग डावीकडं. ब्रेक पॅड बहुधा जुळतात; स्टिअरिंग रॅक, वायपरची लिंक असला माल सुटकेसमधून येतो आणि माळ्यावर जातो. हेडलाइट तर मागवूच नये. तिथल्या दिव्याचा झोत उजवीकडं वर चढतो, म्हणजे मिरज रस्त्यानं समोरून येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरच्या थेट डोळ्यात. आणि "ड्रायव्हर साइड" हा शब्द तर फोनवर उच्चारूच नये. आपली ती उजवी, भाच्याची डावी. पुढचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, दोन्ही बाजूंचा सारखा नसतो. डावा-उजवाच म्हणावं, तेही सीटवर बसून तोंड पुढं केल्यावरचा. एअरबॅग कुणालाच सांगू नये. तिच्यात स्फोटक असतं आणि विमानतळावर दाजींनाच बसवून ठेवतील.

गावातली मदत वेगळ्या जातीची. टायरवाला सांगतो, "इनोव्हाची व्हील बसतंय की!" हिशेब अर्धा बरोबर आहे. दोन्हीला पाच बोल्ट, दोन्हीचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, ११४.३ मिलिमीटर. पण इनोव्हाच्या चाकाचं मधलं भोक ६०.१ मिलिमीटर आणि होंडाचा हब, म्हणजे त्या भोकात बसणारा गोल भाग, ६४.१. चार मिलिमीटरसाठी तो लगेच लेथवाल्याला फोन लावायला निघतो. भोक वाढवलंच तर पुढं नट आहेत. होंडाच्या नटाची बैठक गोल, बाहेरच्या बऱ्याच अलॉय चाकांची निमुळती. आटे दोन्हीचे १२ बाय १.५, त्यामुळं नट गुपचूप आवळला जातो, पण टेकतो कडेकडेनंच, आणि हळूहळू सैल होतो.

लेथवाल्यांबद्दल मात्र मला आदर आहे. मिरजेपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत माप द्या, बुश घ्या. लोखंड, पितळ त्यांच्याकडं बिनधास्त द्यावं. रबर देऊ नये. इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगपैकी काहींच्या पोटात द्रव भरलेला असतो, तोच थरथर गिळतो. त्याजागी भरीव रबराचा गट्टू ठोकला तर तो तुटत नाही, आणि पुष्पराज चौकात गाडी थांबली की मागं बसलेल्या आजोबांची कवळी वाजते.

राहता राहिलं भंगार. पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. काच, दाराचं हँडल, आरसा, सीटचे लिव्हर यांसाठी तिथं जरूर जावं. ब्रेक, रबर आणि पट्टे जुने घेऊ नयेत. जाताना जुना तुकडा पिशवीत असावाच. मिस्त्री तो आधीच कोपऱ्यात भिरकावतो, म्हणून उघडताना शेजारी उभं राहावं. तिथल्या एका व्यापाऱ्याकडं माझा नंबर आहे. तसली गाडी तोडायला आली की तो फोन करतो, आणि फोन ठेवण्याआधी माझ्या गाडीची तब्येत विचारतो. हल्ली जरा जास्तच आपुलकीनं विचारतो.