वाळीत टाकून कोण वाकलंय?

आज सकाळी खानापूर स्टँडजवळ चहा घेत होतो. एका जुन्या दोस्तानं मोबाईल पुढं केला. "अणुबॉम्बचा नाद सोडायला लावायचा तर इराणवर अजून कडक निर्बंध पाहिजेत, नाक घासत येतील बघ!" चहा तसाच ठेवून उठलो.

आमच्या थोरल्या काकांना गावानं वाळीत टाकलं होतं. भांडण पाटाच्या पाण्याचं. मी सातवीत होतो. गिरणीवाला दळण घेईना, न्हावी दारात येईना. काका वाकले? छे! मिशीला पीळ देऊन गावभर फिरायचे. भोगलं काकीनं. पहाटे उठून जात्यावर तांदूळ दळायची. तळहातावरच्या फोडांना खोबरेल लावताना मी तिला बघितलंय.

इराणात तेच चाललंय. कागदावर औषधांना सूट आहे. पण पैसे पाठवायला बँकाच घाबरतात, मग औषध येणार कुठनं? तिथल्या एखाद्या आजारी बाईचा अणुबॉम्बशी संबंध काय? बॉम्बचं ठरवणारे उपाशी झोपतात काय?

आणि आपलं विसरलात? मे 1998 ला पोखरण झालं तेव्हा ह्याच दोस्तानं कुंदा वाटला होता! अमेरिकेनं निर्बंध लावले तशी आपली छाती अजून फुगली. 2001 मध्ये त्यांनीच बहुतेक निर्बंध उठवले. उत्तर कोरियानं 2006 ते 2017 मध्ये सहा अणुस्फोट केले, निर्बंध वाढत असतानाच. काकांची मिशीच ती.

लिबियानं 2003 मध्ये अणुबॉम्बचा नाद सोडला, आणि तेलाची विक्री अडली म्हणूनच इराण 2015 च्या अणुकराराला बसला, एवढं मान्य. पण बसला ना? युरेनियमचं समृद्धीकरण (हे वाढेल तसा बॉम्ब जवळ येतो) 3.67 टक्क्यांच्या वर नेणार नाही म्हणाला, तपासनीस आत घेतले, आणि इराण शब्द पाळतोय असं ते तपासनीसच सांगत होते. तरी 2018 मध्ये ट्रंपनी करार मोडून निर्बंध परत लादले. 2021 मध्ये इराण 60 टक्क्यांवर गेला. शब्द पाळूनही मारच खायचा तर पाळायचा कशाला?

काकांचं कसं मिटलं सांगतो. पंचांतले एक आजोबा तिन्हीसांजेला आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. "आठवड्यातनं तीन दिवस पाणी तुझं. उद्यापासनं गिरणी चालू." काका बराच वेळ गप्प होते. मग आत बघून म्हणाले, "चहा टाक गं."

दुसऱ्या दिवशी गिरणी खरंच चालू झाली. काकांनीही जन्मभर चौथ्या दिवशी पाटाला हात लावला नाही. काकी डबा घेऊन निघाली तेव्हा मी मागनं गेलो होतो. गरम पीठ डब्यात पडायला लागलं आणि ती पदर तोंडाला लावून तिथंच रडली.